काकांच्या काखेतलं ब्लँकेट

तंबूवाले काका सुट्टीवर निघाले तेव्हा बहारीनच्या विमानतळावर मी त्यांच्या हातात सासूबाईंसाठी घेतलेलं एक डबल ब्लँकेट दिलं. "तुमच्या वाटेवरच आहे, श्रीरामपूर," असं वर म्हणालो. काका गावी जाण्याआधी आठ दिवस तुर्कस्तान फिरणार होते, हे मला ठाऊक होतं. तिकीट मीच काढून दिलं होतं. पण आखातात कुणी गावी निघाला की आपला हात आपोआप पार्सलाकडे जातो. त्याला मी काय करणार?

आणि काकांना 'नाही' म्हणता येत नसे. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये ते तंबू आणि गाड्यांवरची छतं शिवत. पण झिंजमधल्या आमच्या बिल्डिंगीतली दप्तरं, पडदे, फाटक्या बॅगा, सगळं त्यांच्याकडेच जाई. "टाका पक्का पायजे भाऊ, बाकी देव बघतो," म्हणत आणि दोरा दाताने तोडत.

शुक्रवारी सुट्टीची चर्चमधली उपासना आटोपली की ते आमच्याकडे जेवायला येत. जेवण झालं की खाकी कागदावर बायबलातल्या पौलाचा प्रवास काढून दाखवत: दिमिष्क, अंत्युखिया, आणि आताच्या तुर्कस्तानातलं इफिस. पौल प्रेषित होता याहून तो तंबू करायचा, याचं त्यांना जास्त अप्रूप. "आपल्याच लाइनीतला माणूस."

माझी मुलगी विचारायची, "काका, डिड पॉल गेट लीव्ह?"

"लीव्ह कुठली, बेबी. जेल मिळायची."

बहारीनमधल्या बावीस वर्षांतली काकांची प्रत्येक सुट्टी कुठे ना कुठे खर्ची पडली होती: पोरीचं लग्न, घराचा स्लॅब, आईचं आजारपण. आता तीन महिन्यांत व्हिसा संपणार होता. एकदा नगरला परतले की पुन्हा कसलं इफिस? शेवटी काकूंनीच फोनवर सांगितलं, "जाऊन या. बावीस वर्षं वाट बघितली, आठ दिवस जड नाहीत."

सुट्टी संपवून काका परत आले, त्या शुक्रवारी मी उत्साहाने विचारलं, "इफिसचं ते मोठं थिएटर पाहिलंत ना? डोंगरातलं?"

"नाय. वर चढायचं व्हतं. गाइड म्हणला, पिशवी बसमध्ये ठेवा. बसचं दार लागत नव्हतं. दुसऱ्याची वस्तू, कशी ठेवणार?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय. समदे वर गेले. खाली जुन्या दुकानांची रांग हाय, दगडाची. तिथं बसलो, ब्लँकेट मांडीवर घेऊन. म्हणलं, पौलबी असाच बसला आसंल कुठंतरी, मांडीवर दुसऱ्याचं कापड घेऊन." काकांनी ताक संपवलं. "मोकळ्या हातानं गेलो असतो तर फिरून आलो असतो, भाऊ. बसलो नसतो."

मग ते हिला म्हणाले, "वहिनी, तुमच्या आईला रंग आवडला बरं का."

पुढच्याच महिन्यात काका कायमचे नगरला गेले. त्यांना सोडून येताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "बघ, माझ्या चुकीनं काकांचं भलंच झालं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते त्यांनी म्हणायचं. तुम्ही नाही."