कानाशी टांगलेली आकडी

बेकरीवाल्याचा मेहुणा तुरुंगातून सुटून आला, तेव्हा गल्लीतल्या खिडक्यांना माना फुटल्या. बघतात तर वाघ राहिला बाजूला, निघाली गोगलगाय! ताट पुढे आलं तरी "घेऊ का?" विचारल्याशिवाय हात लावत नसे. दोन दिवसांत त्याचं नाव पडलं, हुकूम.

तरुणपणी एका भांडणात त्याने सळई उचलली आणि समोरचा पुन्हा उठला नाही. तुरुंगात त्याला भट्टीकाम शिकवलं. हात इतका बसला की अधिकारीही त्याचे पाव घरी न्यायचे. निरोप देताना म्हणाले, "आता स्वतःच्या पायावर उभा राहशील." उभं राहण्यात तर तो पटाईतच होता.

भावाला बेकरीत कामाला घ्यावं म्हणून त्याच्या ताईने नवऱ्याच्या, म्हणजे बेकरीवाल्याच्या, नाकदुऱ्या काढल्या. पाव विकून विकून नवऱ्याची जीभ तेवढी कडक झालेली.

"आठवडाभर बघतो. माल जळाला तर त्याने दुसरं दार शोधायचं."

"त्याला दुसरं दार एकच ठाऊक आहे. तिथूनच आलाय तो."

पहिल्या दिवशी हुकूमने पीठ असं मळलं की भावोजी बघतच राहिले. पाव भट्टीत गेले. जरा वेळाने धूर दुकानात आला.

भावोजी आत धावले. "अरे, नाकात बोळे घातलेस का?"

हुकूम हात मागे बांधून भट्टीपुढे उभा. "मघाशीच झालेत, भावोजी."

"मग काढायचे कुणी? माझ्या सासऱ्याने?"

"आकडी..."

"कानाशी लोंबतेय तुझ्या!"

"दिली नाही ना कुणी."

तुरुंगात ट्रे ओढायची लोखंडी आकडी शिपायाकडे असे. तो हातात देईल तेव्हाच भट्टीचं दार उघडायचं. शिपाई गप्पांत रमला तर पाव जळत, पण बोल याला नसे. लोखंडाला आपणहून हात लावायचा नाही, हे मात्र याच्या हाडात मुरलं.

"आजपासून आकडी तुझीच," भावोजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळसा. मग ताई चुलीवरचं सोडून दर घाणाला धावू लागली. तिने "घे" म्हटलं की पाव सोन्यासारखे बाहेर.

"तू काय जन्मभर शिपाईगिरी करणार?" नवरा म्हणाला.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती नुसतीच शेजारी उभी राहिली. वास खरपूस झाला. हुकूमचा हात आकडीच्या खिळ्यापर्यंत गेला, मागे आला. "घेऊ का?" तिने ओठ घट्ट मिटले. वास करपट झाला. धूर निघाला, तेव्हा तिनेच आकडी काढून त्याच्या हातात कोंबली.

"जी, साहेब," तो मान न वळवता म्हणाला.

भावोजींनी काळे पाव टोपलीत ओतले. ओरडण्यासाठी तोंड उघडलं, पण बायकोकडे बघून मिटलं. "मी काय करू, तूच सांग."



हुकूमने एप्रन घडी घालून फळीवर ठेवला, दाराशी जाऊन हात मागे बांधले.

"जाऊ का?"

दार उघडंच होतं. पण हो कोण म्हणणार? दोघंही टोपलीत बघत राहिले, आणि तो तिथेच उभा राहिला.