बंद केलेला सातवा संगणक

आज झेंडूच्या वासाने नरोलीतली ती खंडेनवमी आठवली. भाड्याच्या खोलीत सात जुने संगणक, मी, भागीदार प्रकाश आणि सूतगिरणीचे शेठ. एका संगणकाला नऊ तास लागणारी आकडेमोड सातांनी मिळून दोन तासांत केली, तरच आमच्या नव्या कंपनीला पहिलं काम मिळणार होतं.

काम निम्म्यावर असताना घरमालकीण लताकाकू हार घेऊन आल्या. "आज यंत्रं चालवतात का रे?" म्हणत त्यांनी एक संगणक बंदच केला. पण उरलेल्या सहांनी त्याचा वाटा उचलला. तशी सोय आम्ही केली होती, तपासली मात्र नव्हती. उत्तर वेळेत आलं!

शेठ म्हणाले, "हेच पाहिजे. आमच्याकडे रोज एक मशीन बंद पडते."

पहिल्या कमाईतून लताकाकूंना साडी घेतली. ती कशाबद्दल, हे त्यांना अजून कळलेलं नाही.