होडीची तांबडी रेघ

मुलांनो, मे महिन्यात तुम्ही नारायणच्या होडीतून खाडी ओलांडून घरी येणार, म्हणून हे आत्ताच लिहिते. होडीच्या पोटातलं जुनं इंजिन काढून त्याने मागच्या फळीवर नवं, जड इंजिन बसवलं आहे. काल धक्क्यावरून पाहिलं, तर होडीचं तोंड वर आणि मागची बाजू दबलेली. पुढे पाणी उडतं म्हणून माणसंही मागेच दाटीने बसलेली.

"काकू, आता वेग बघा!" नारायण म्हणाला.

"वेग कळला. तुझ्या बाबांची तांबडी रेघ कुठाय?"

होडी याहून खाली बुडू द्यायची नाही, म्हणून त्यांनी ती रेघ मागच्या बाजूला रंगवली होती. काल ती रेघ पाण्याखाली गेली होती.

"तुम्ही बाबांसारख्याच संशयी," तो हसला, पण मग त्यांच्याच रीतीने ओरडला, "वजनदार मंडळी पुढे या!" तिघीजणी कुरकुरत पुढे सरकल्या आणि रेघ वर आली.

जोर किती आहे, हे सगळेच सांगतात. तो कुठे ठेवलाय, हे विचारावं लागतं. माणसांच्या बाबतीतही मला हीच शंका येते.

तुम्ही पुढेच बसा, भिजलात तरी चालेल. आणि चढण्याआधी होडीची मागची बाजू बघा. रेघ अजून पुसलेली नाही.