भोंग्याचा गळा

डबा किंचाळत होता आणि मला लेख पुरा करायचा होता. मागे एक बटण सापडलं, दाबलं, शांतता झाली. लेख बरा उतरला, हे आता सांगण्यात अर्थ नाही.

डबा दादाच्या फोटो स्टुडिओतला, कॉम्प्युटरला जोडलेला, सगळे फोटो साठवणारा. आत चार डिस्क. एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढतात, अशी जोडणी वहिनींनी स्वतः केलेली. त्यांचा स्वभावच तसा. कुलपाला दोन किल्ल्या, घरात छत्र्या दोन, दादाचे चष्मे दोन. नवरा मात्र एकच परवडतो, असं दादासमोरच म्हणतात. डिस्क गेली की भोंगा वाजतो, शिवाय मेल जाते. मेल दादाला जाते आणि दादा मेल उघडत नाही. राहिला भोंगा, त्याचा गळा मी दाबला होता.

आठवड्याने समोरचा शिंपी आला. सकाळीच त्याची बायको वारली होती. तिचा धड म्हणावा असा एकच फोटो, तोही दादाने काढलेला. शोधायला बसलेल्या वहिनींचा चेहरा उतरला. एक डिस्क केव्हाचीच गेलेली, दुसरी कुरकुरत होती. तीही गेली असती तर गावभरच्या माणसांचे फोटो गेले असते.

मी बटणाचं सांगून टाकलं. वहिनी पुन्हा पडद्याकडे वळल्या. त्या रागावल्या की घरात सगळे हळू चालतात.

दादा म्हणत होता, आधी नवी डिस्क घाल. त्यांनी मान हलवली.

“आधी बाईंचा फोटो. नवी भरताना जुन्या डिस्कवर ताण येतो, तेवढ्यात ही कुरकुरणारी गेली तर दारात आलेल्या माणसाला काय सांगू?”

फोटो पेनड्राइव्हवर उतरवून शिंप्याच्या हातात दिला, मगच कपाटातली जादा डिस्क आत सरकवली. उरलेल्या तिघींतलं वाचून नवी भरायला लागली. पडद्यावरचे टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. आतून खरखर आली की दादा खुर्चीतून अर्धा उठायचा. मी केलेला चहा तसाच निवला. वहिनी पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

दिवेलागणीला डब्यावरचा चौथ्या डिस्कचा दिवा हिरवा झाला. वहिनींनी लगेच मेलचा पत्ता बदलून आपला घातला आणि कुरकुरणारीच्या जागी लावायला आणखी एक डिस्क मागवली.

“सुटलो बुवा,” मी म्हणालो. “आता नाही ना बिघडणार, वहिनी?”

“बिघडणारच, भावजी, तुम्ही फक्त भोंग्यापासून हात लांब ठेवा.”