दुष्काळाच्या शूटिंगला दिलेला परकर

नव्वद साल उलटून गेलं होतं. पारनेरकडच्या आमच्या माळावर इंग्रजांच्या काळातल्या एका दुष्काळावरच्या सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांना उजाड माळ हवा होता, आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच. माझ्या अंगात मात्र हिरोईन शिरली. वय पस्तिशीचं, पदरात दोन लेकरं, आणि डोक्यात एकच, पडद्यावर दिसायचं. दुष्काळातली बाई वाटावी म्हणून चार दिवस एकवेळ जेवले. गाल जागचे हलले नाहीत. माणसं निवडायला आलेल्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही उपाशी घरातल्या नाही वाटत. धान्य दडवून ठेवलेल्या घरातल्या वाटता."

सगळी रांग हसली. आता मीही हसते. तेव्हा त्याचं तोंड बघवेना.

त्याला पसंत पडली माझी धाकटी लेक. आठ वर्षांची, काटकुळी. आईच्या मांडीवर शेवटच्या घटका मोजणारी पोर तिला व्हायचं होतं. मी लगेच म्हटलं, मग आई मीच होते. तो म्हणाला, "पाठमोऱ्या बसणार असाल तर बसा." पाठ तर पाठ. मी तेवढ्यावर खूश.

पोरीला जुन्या वळणाचे कपडे हवे होते आणि त्यांनी आणलेले सगळे ढगळ होत होते. मला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ट्रंकेतला छोटा परकर आठवला. जुन्या लुगड्याचा चांगला राहिलेला तुकडा कापून त्यांनी हातानं शिवलेला. तो कुणाचा हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. माझं लग्न व्हायच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात, त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. तिथंच त्यांच्या थोरल्या लेकीला हगवण लागली. दिवसभर बाभळीखाली पडून होती. सुट्टी होऊन आत्याबाई पाणी घेऊन पोचल्या तेव्हा ती गेलेली होती.

त्या दिवशी आत्याबाई शेतात होत्या. विचारायचं तर त्या परतेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तोवर दुसरीच कुणीतरी पाठमोरी बसली असती. मी परकर काढून दिला. त्या माणसानं उलटसुलट करून पाहिला. "फारच नीट ठेवलाय," म्हणाला. मग काठ दोन जागी टरकावला आणि परकर मातीत घोळला. मी बघत उभी होते.

बाभळीखाली आम्ही बसलो. लेकीला बजावलेलं, काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. कॅमेरा सुरू झाला आणि बांधावरून आत्याबाई आल्या. डोक्यावरची पाटी त्यांनी खाली ठेवली, तिच्यातला पाण्याचा तांब्या घेतला आणि सरळ आमच्यात येऊन बसल्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पोरीची मान उचलून म्हणाल्या, "ऊठ गं माजी बाय. उशीर झाला मला. मुकादमानं सोडलंच न्हाई. घे, पानी पी."

माझी लेक गुणाची. तिनं डोळे उघडले नाहीत, ओठही नाहीत. पाणी तिच्या गालावरून माझ्या मांडीवर आलं.

कॅमेरा चालूच राहिला. मग डायरेक्टर डोळे पुसत माझ्यापाशी आला. "आजींना म्हणावं अजून एकदा. या बाजूनं घेतो."

आणि मी म्हटलं. जीभ झडली नाही माझी. "आत्याबाई, परत एकदा करा म्हणतात."

त्यांनी आधी लेकीकडं पाहिलं, मग परकराकडं, मग माझ्याकडं.

"एकदा केलंय न्हवं का, पोरी," म्हणाल्या, आणि पाटी उचलून घराकडं चालू लागल्या.

त्या मला कधी रागे भरल्या नाहीत. परकर मी धुतला, काठ शिवला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी ट्रंकेत ठेवून ट्रंकेला कुलूप घातलं. आमच्या घरात तोवर कशालाच कुलूप नव्हतं.

सिनेमा नगरच्या थेटरात लागला तेव्हा दवाखान्याचं निमित्त काढून गेले. ते दृश्य आलं. खरं सांगते, आधी मी माझी पाठ शोधली. पाठ ऐसपैस, लगेच सापडली. मग आत्याबाईंचा हात दिसला, तांब्या दिसला. तांब्या पोरीच्या ओठांपाशी जातोय तोच घोड्यावरचा गोरा साहेब आला आणि गोष्ट पुढं गेली. मागच्या बाया मुसमुसत होत्या. मला पुढचं काही दिसलं नाही.

घरी आले. आत्याबाई ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिसली का?"

"दिसली."

"पानी पेली का गं ती?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "पेली, आत्याबाई. घटाघटा पेली."

त्यांचा हात बाजरीत तसाच राहिला. मग त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं.

"खडे लई हायेत," म्हणाल्या. "तूच बघ आता. मला न्हाई दिसत."