दोन खोक्यांच्या मधले आबा

जेवण झालंय, ऊन पत्र्यावर तापतंय, आणि साठी उलटलेला मुरलीधर वरुटे दोन स्पीकरच्या बरोबर मधे सतरंजी टाकून आडवा झालाय. झोपायला नव्हे, ऐकायला. पण इचलकरंजीत भरल्या पोटी आडव्या झालेल्या माणसाला गल्लीतले यंत्रमाग ऐकू देतील तर शपथ. खटक-फटक, खटक-फटक. हा आवाज बाहेरच्या पाव्हण्याला झोपू देत नाही आणि गावच्याला जागं राहू देत नाही.

मारुतीच्या देवळात भरलेली भजनाची जुनी कॅसेट चालू आहे. डावीकडच्या खोक्यातून थोरल्या भावाचा, अण्णाचा आवाज येतो. उजवीकडून मुरलीधरचा स्वतःचा, तरुणपणीचा. दोघांच्या मधे आबा ऐकू यायला हवेत, म्हणजे या दोघांचे वडील. आबांचा आवाज असा होता की ते देवळात अभंगाला उभे राहिले की भोंगा झाला समजून गिरणीतली माणसं जेवणाचे डबे घेऊन बाहेर पडायची. एवढा आवाज. आणि तोच कॅसेटवर सापडत नाही.

आता हे प्रकरण समजायला वाटणी समजली पाहिजे. दोघा भावांचं नळाच्या पाण्यावरून बिनसलं, तेव्हा गल्लीतले तात्या पंच म्हणून बसले. तात्यांचा न्याय तागडीतला. प्रत्येक गोष्ट निम्मी-निम्मी. पाटा अण्णाला, वरवंटा मुरलीधरला. जात्याचा वरचा दगड याला, खालचा त्याला. घराच्या मधून भिंत घातली ती खिडकीच्या ऐन मधून, म्हणून खिडकीचं एक दार इकडं उघडायचं आणि एक तिकडं. स्पीकरची जोडी होती. एक खोकं याला, एक त्याला. एवढ्यावर थांबतील ते तात्या कसले! स्पीकरची वायर होती तांबडी आणि काळी, जोडून आलेली. तात्यांनी ती उभी फाडली आणि सगळी तांबडी मुरलीधरला दिली, सगळी काळी अण्णाला. आबांची कॅसेट मात्र फाडता येईना, म्हणून तिची एक नक्कल काढून दिली.

तेव्हापासून मुरलीधरच्या खोक्याला दोन्ही तारा तांबड्या आणि अण्णाच्या खोक्याला दोन्ही काळ्या; अधिकची कुठली आणि उण्याची कुठली, हे रंगावरून ओळखायची सोय राहिली नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघं आपापलं निम्मं गाणं ऐकत राहिले, आणि एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. गेल्या महिन्यात अण्णा गेला.

आणि परवा वहिनींनी भिंतीपलीकडून खोकं पाठवलं. सोबत निरोप: “ह्यांच्या मनात होतं, खोकी एकत्र लावावीत. मी चहाच्या वेळेला येते. मामंजींचा आवाज ऐकवा.”

भिंत घातल्यापासून वहिनींनी हा उंबरा ओलांडलेला नाही. आज ओलांडणार. आणि आबाच नसले तर? दिरानं घर घेतलं, पाणी घेतलं, शेवटी सासरासुद्धा पुसून टाकला, असं म्हणून त्या जातील त्या कायमच्या.

मुरलीधरनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. खोकी भिंतीला चिकटवली, भिंतीपासून हातभर पुढं घेतली, सुताच्या कांड्यांच्या पेट्यांवर चढवली, अंतरपाट धरण्याआधी नवरा-नवरी उभी करावीत तशी एकमेकांकडं तिरकी वळवली. सुतळी ताणून दोन्हीकडचं अंतर आपल्या नाकापर्यंत मोजलं. आणि नवल असं, की जितकं नेमकं मधे बसावं तितके आबा पातळ होत जातात. पार मधे आलं की नाहीतच. तिकडं स्वयंपाकघरात भांडी घासणारी शालन, म्हणजे मुरलीधरची बायको, ओरडून सांगते, “मला येतायत की ऐकायला! तुमच्याच कानात काय झालं?”

हे कोडं उशाला घेऊन मुरलीधर डोळे मिटतो.

माग थांबतात.

एकदम, सगळ्या गल्लीचे. त्या शांततेत मधली भिंत कुणीतरी पडद्यासारखी बाजूला सारतं आणि अण्णा वाकून आत येतो. अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा. येतो तो सरळ मुरलीधरच्या पायाशी उभा राहतो.

“पाय आवर. निम्मी सतरंजी माझी हाय.”

मुरलीधर पाय आवरतो. मग त्याच्या ध्यानात येतं.

“अण्णा, तू तर गेलास.”

“गेलो म्हणून वाटा सोडला व्हय?” अण्णा सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ऐसपैस बसतो. “आबा कुठायत?”

“तेच हुडकतोय. आईशप्पत, मी पुसलं न्हाई.”

“तुला पुसायला येतंय कुठं? शाळेत पाटी पुसायला सुद्धा मीच यायचो.”

मुरलीधरला राग येत नाही याचं त्याला नवल वाटतं. इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं आणि तेही टोमण्यानं, पण कानाला गोड लागतंय.

अण्णा आपल्या खोक्याला कान लावतो. मग मुरलीधरच्या. डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा, तोंड वाकडं करून.

“माझ्याकडं होते रं. रोज सांजच्याला होते. जरा लांबनं यायचे, पण होते.”

“माझ्याकडं पण होते.”

“मग दोघांच्याकडं असलेला माणूस दोघं एकत्र आल्यावर जाईल कुठं?”

अण्णा खोक्याच्या तोंडावरचं कापड उचलतो आणि आत डोकावतो. डोकावता डोकावता खांद्यापर्यंत आत जातो, मग कमरेपर्यंत. मुरलीधर त्याचे पाय धरायला जातो तर तोही आत.

आत मारुतीचं देऊळ आहे.

सभामंडपात दोन मायक्रोफोन उभे आहेत. एकाजवळ अण्णाचा पखवाज, दुसऱ्याजवळ मुरलीधरचे टाळ. मधली फरशी मोकळी आहे. पाण्यानं धुतल्यासारखी स्वच्छ, आणि तिच्यावर कुणी नाही.

“हितंच उभे होते,” मुरलीधर म्हणतो. “दोन्ही माईकच्या बरोबर मधे.”

“म्हणून तर दोन्हीकडं आले. तू तुझ्याच माईकवर, मी माझ्याच. आबा तेवढे दोघांच्या सामायिकात.”

“तुझ्या वाट्याच्या खोक्यात मग कोण होतं? आबांच्या बरोबर?”

“कोण म्हंजे? तूच की.” अण्णा पखवाजाच्या पुडीवर बोट फिरवतो. “तुझ्या खोक्यात मी, माझ्यात तू. तात्यानं डोळे मिटून दिलं. रोज सांजच्याला तुलाच ऐकतोय. तिसऱ्या कडव्याला चुकतोस.”

“मी?”

“रोज चुकतोस. म्हटलं आज तरी सुधारंल. न्हाई. मी मरस्तवर सुधारला न्हाईस.”

“अरं, ती कॅसेट हाय!”

“कॅसेट असली म्हणून काय झालं? माणसानं प्रयत्न करावा.”

मुरलीधर हसायला तोंड उघडतो आणि त्यात मागाचा आवाज भरतो. देऊळ आता मागाची शेड आहे, खांब तेच, पण मधे सुताचे उभे ताणे लागलेत. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं धावतोय आणि दोघं भाऊ वाकून, कापडाखाली बघत, आबांना हाका मारतायत. “आबा! ओ आबा!” कापड विणलं जातंय तसं ते जाड होत जातं, ओलं होत जातं, आणि त्याची दोन टोकं मुरलीधरच्या हातात येतात.

पायाखाली पंचगंगेचा घाट आहे.

हातात आहे भजनी मंडळाचं जाजम. गणपतीच्या आधी ते नदीवर धुवायचं आणि दोघांनी दोन अंगांनी धरून झटकायचं, हे काम वरुट्यांच्या पोरांचंच असायचं. अण्णा पलीकडच्या पायरीवर, मुरलीधर अलीकडच्या. आणि जाजमाच्या मधोमध आबा. पण कसे? कापडावर छापल्यासारखे. सपाट. तोंड उघडं, छाती भरलेली, आणि आवाज नाही.

“झटक!” अण्णा ओरडतो.

दोघं झटकतात. अण्णाची बाजू वर उठते, मुरलीधरची खाली जाते. लाट येते आणि आबांच्या पाशी येऊन मरते. आबा जागचे हलत नाहीत.

पुन्हा. अण्णाची खाली, मुरलीधरची वर. दोन्ही टोकांना नुसती दांडगाई चाललीय, पाणी उडतंय, आणि मधे काही नाही.

“अरं, मी वर नेतो तवा तू खाली का नेतोस?”

“मी बरोबरच नेतोय. तूच उलटं करतोस!”

“थोरला कोण?”

“बरोबर कोण?”

“बदल की मग!”

“तू बदल!”

दोघंही हट्टाला पेटतात आणि दोघंही एकाच क्षणी बदलतात. आता अण्णा खाली असताना मुरलीधर वर. म्हणजे पुन्हा तेच. आबा तसेच सपाट, फक्त डोळे त्यांनी मिटून घेतलेत, भांडण ऐकून कंटाळल्यासारखे.

अण्णा टोकं न सोडता पायरीवर बसतो. धाप लागल्यागत करतो. मेलेल्या माणसाला धाप कशी लागते हे मुरलीधरला विचारावंसं वाटतं.

“दोघांनी बदलून काय उपेग न्हाई, मुरल्या. एकानंच बदलायचं असतंय.”

“मग बदल.”

“मी बदलणारच हुतो. दिवाळीला भिंतीवरनं हाक मारायची म्हणून पाटावर चढून उभा बी ऱ्हायलो. मग म्हटलं, गुढीपाडव्याला मारू.” अण्णा पाण्याकडं बघतो. “आता मला काय बदलता येतंय? मेलेल्या माणसाचं जिथल्या तिथं ऱ्हातंय. आता तुझं तूच बघ.”

नदी वाहतेय. पलीकडच्या काठाला एक म्हैस पाण्यात नाकापर्यंत बसून दोघांकडं बघतेय, जणू पंच म्हणून तिलाच बोलावलंय.

मुरलीधर आपल्या हातांकडं बघतो. कोण चुकलं होतं ते नळाच्या पाण्याच्या वेळी, हे त्याला सांगता येईल. पुराव्यानिशी. साक्षीदारासकट. तो तोंड उघडतो, आणि सांगत नाही.

“चल,” तो म्हणतो. “तू वर ने. मी तुझ्यासंगं येतो.”

अण्णाचे हात वर जातात. मुरलीधरला सवयीनं खाली ओढावंसं वाटतं, हात तसे वळतातही, पण तो दात आवळून वर नेतो. ओलं जाजम दोन्हीकडून एकदम उठतं. दोन लाटा मधे भेटतात आणि जाजमाचं पोट असं फुगतं की घाटावरची कबुतरं उडतात. आबा हवेत. जाड, गोल, जिवंत. सहा फूट उंच उडालेत, धोतराचा सोगा फडफडतोय, आणि वरून ते खच्चून पहिला सूर लावतात—

“अहो! उठा! वहिनी यायच्या झाल्या!”

शालन उभी आहे, हातात चहाची किटली. माग चालू आहेत. कॅसेट संपून डेकचं बटण वर आलंय. मुरलीधर सतरंजीवर बसलाय आणि सतरंजीची दोन टोकं त्याच्या मुठीत घट्ट आहेत, इतकी की बोटं सरळ करायला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागते.

“झोपेत कुणाशी मारामारी करत होता?” शालन म्हणते.

मुरलीधर उठतो तो तडक आपल्या खोक्यामागं जाऊन गुडघे टेकतो. अण्णाच्या काळ्या तारांना तो हात लावत नाही. आपल्या दोन तांबड्या सोडवतो. वरची खाली करतो, खालची वर. एवढंच. तारा उलटसुलट लागल्यामुळं एक खोकं हवा पुढं लोटत होतं तेव्हा दुसरं मागं ओढत होतं. दोन सख्ख्या खोक्यांनी मिळून मधल्या बापाच्या नरडीचा घोट घेतला होता.

वहिनी येतात. उंबऱ्यावर थांबतात, खाली बघतात आणि उजवा पाय आत टाकतात.

“बसा, वहिनी. हितं, बरोबर मधे बसा. हितनं झ्याक ऐकू येतंय,” मुरलीधर म्हणतो. खरं तर त्याला अजून काहीच ठाऊक नाही. तो बटण दाबतो.

डावीकडं अण्णाचा पखवाज. उजवीकडं टाळ. आणि मग दोन खोक्यांच्या मधे, जिथं भिंतीवर नुसता कॅलेंडरचा खिळा आहे, तिथं हवा जाड होते आणि आबा उभे राहतात. आवाज असा की शालनच्या किटलीचं झाकण वाजतं.

वहिनी झटक्यात पदर डोक्यावर ओढतात. लगबगीनं उठून बाजूला सरकतात.

“अगंबाई, मामंजींच्या म्होरं अशी मधोमध कशी बसू, भावजी?” त्या कुजबुजतात, आणि सतरंजीच्या पलीकडच्या कडेला, भिंतीशी अंग चोरून बसतात. डोळे वाहतायत, ते पुसायचं त्यांना सुचत नाही.

शालन कपात चहा ओतता ओतता थांबते. ती वहिनींच्या बाजूला बघते, मग मुरलीधरकडं.

“तुम्ही तर या अंगाला होता,” ती हळूच म्हणते. “मग तिकडची टोकं कुणी पिळली?”

सतरंजीची पलीकडची दोन्ही टोकं धुणं पिळावं तशी पीळ खाऊन उभी आहेत, चार बोटांचे वळ अजून कापडात. वहिनी गाणं ऐकता ऐकता, न बघताच, एका टोकावरून तळवा फिरवून ते सपाट करतात. टोक परत उठतं. त्या पुन्हा फिरवतात. मग तळवा तसाच त्याच्यावर ठेवून देतात.