करडाच्या मापाचा स्वेटर

माझ्या पहिल्या बाळाचा स्वेटर मी करडाच्या मापानं विणला होता. हसा खुशाल! परवा नात मोबाइलवर नवशिक्यांसाठीचे विणकामाचे फुकट नमुने शोधत होती, तेव्हा आठवलं. वडवणीच्या बाजारात लोकरीबरोबर मलाही नमुन्याचा कागद फुकट मिळाला होता. पण बाळ अजून पोटात, माप कुणाचं घेणार? गोठ्यात शेळीचं नवं करडू होतं, दुधाचा वास येणारं. घेतलं त्याचंच! बारशाला सगळ्यांसमोर बाळाचं डोकं काही गळ्यातून जाईना. "शेळीला घाल की गं!" म्हणत बायका हसल्या. आता मलाही हसू येतं. तेव्हा मात्र डोळे भरले होते. सासूबाईंनी स्वेटर मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "रडती कावून? उसव समदं. मला बी शिकीव, दोघी मिळून चुकू."